दुर्बीण असताना सीटी स्कॅन कशासाठी?

प्रश्न : वडिलांच्या नाकातील कोंब दुर्बिणीने काढावयाचे आहेत. दुर्बिणीतून सर्व दिसते, तर सीटी स्कॅनचा खर्च आणि किरणांचा धोका कशाला?
— एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : आपली शंका स्वाभाविक आहे, परंतु दुर्बीण केवळ पृष्ठभाग दाखविते, अस्थीपलीकडचे नाही. नासिकेचे छप्पर हाच मेंदूचा तळ असून, गंधतंतू जेथून उतरतात तेथील खळगा व्यक्तिपरत्वे इतका उथळ वा खोल असतो, की शरीररचनातज्ज्ञ केरोस यांनी १९६२ साली त्याचे १ ते ३, ४ ते ७ व ८ ते १६ मिलिमीटर असे तीन वर्ग पाडले. आणि खोली जितकी अधिक, तितकी त्याची पातळ भिंत इजेच्या टप्प्यात येते. तो खळगा, डोळ्याची खोबण व दृष्टीची नस यांचा नकाशा हाती असल्यावाचून शस्त्र चालविणे इष्ट नव्हे.

किरणांची मात्रा अल्प असते. रंगद्रव्याचे इंजेक्शन बहुधा लागत नाही. तीव्र सर्दी ओसरून औषधोपचार झाल्यावरच स्कॅन करावा; अलीकडे काढलेला स्कॅन असल्यास तो आधी दाखवावा, कदाचित तेवढ्यावर भागेल. खर्चाची अडचण असल्यास जळगाव वा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास ते शल्यचिकित्सकांच्या कानी अवश्य घालावे, आणि निश्चिंत असावे.