हेल्मेटमधला वारा

आपल्या चाकण भागात मोटारसायकली तयार होतात आणि कंपनीची पाळी सुटली की रस्त्याला मोटारसायकलींची रांग लागते. पण एप्रिल-मे महिन्यात पुष्कळांचे हेल्मेट आरशाला टांगलेले दिसते. विचारले तर म्हणतात, "डोकं शिजतं रे बाबा!" असे का होते आणि शर्यतीतले स्वार त्यावर काय करतात, ते पाहू.

हेल्मेटच्या टणक कवचाच्या आत थर्माकोलचा जाड थर असतो. डोके आपटले तर हा थर दबतो आणि मार स्वतः सोसतो. पण तोच थर उष्णता अडवतो. मासेवाल्याच्या थर्माकोलच्या खोक्यात बाहेरची उष्णता शिरत नाही, तशी इथे डोक्याची उष्णता बाहेर निघत नाही. शिवाय आतली हवा घामाने ओलसर होते, मग पावसाळ्यातल्या कपड्यांसारखा घाम वाळतच नाही.

घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. गुरुजींनी सांगितले की एक ग्रॅम घाम वाळला तर अर्धा लिटर पाणी एका अंशाने निवेल एवढी उष्णता जाते. माठातले पाणी असेच गार होते.

२८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोटारसायकलींची सुपरक्रॉस शर्यत झाली. अशा स्वारांच्या हेल्मेटला हनुवटीपुढे झरोके असतात. वारा पुढून शिरतो, मागून निघतो. बंद शर्यती मोटारीत मात्र तोंडावर वारा येत नाही. म्हणून छोटा पंखा बसवून नळीने हेल्मेटात ताजी हवा सोडतात. हवा ओढायचे तोंड इंजिन व धुरापासून लांब ठेवतात आणि त्याला धूळ अडवणारी गाळणी लावतात.

याचा नमुना आम्ही वर्गात गुरुजींसमोर केला.

साहित्य : सारखे दोन तांबे, ओली फडकी, थर्माकोलची दोन खोकी, दोन तापमापी, जुन्या संगणकाचा पंखा, फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, बाटलीचे नरसाळे, हातभर रुंद नळी, स्पंज.

कृती : दोन्ही तांब्यांत ४० अंशांचे पाणी भरले. वरून ओले फडके गुंडाळले. हे झाले घामाने भिजलेले डोके! त्यावर खोकी पालथी घातली. एका खोक्याला पुढे नळीसाठी व मागे हवा जाण्यासाठी भोक पाडले. नळीला नरसाळ्याने पंखा जोडला, पंख्यामागे स्पंज लावला.

निरीक्षण : पंधरा मिनिटांनी बंद खोक्यातले पाणी ३८ अंश होते, वाऱ्याच्या खोक्यातले ३४. मागचे भोक बोळ्याने बुजवून पुन्हा केले, तर फारसा फरक पडला नाही.

अनुमान : पंखा हवा गार करत नाही. तो ओलसर हवा बाहेर ढकलतो, मग घाम वाळतो आणि डोके निवते. म्हणून हवेला यायला वाट पाहिजे, तशी जायलाही पाहिजे.

आई-बाबांना विनंती : खऱ्या हेल्मेटला घरी भोके पाडू नका, कवच कमजोर होते. त्याचे झरोके उघडे ठेवा, आतले अस्तर धुवा, गाडी थांबली की काच वर करा. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायला बंदी आहे, म्हणून घेताना खूण बघा. आणि पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करू नका. थोडा घाम आला तरी चालेल, पण तुम्ही घरी नीट या.

– इयत्ता ४ थी