पाना हातात घेण्याआधी

शॉकअप घरीच बदलायचे म्हणतोस, बदल. पण आधी गाडीखाली वाकून आवाज नेमका कुठून येतो ते शोध. कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी खडखडली की सगळे शॉकअपवर खापर फोडतात. बऱ्याचदा लोअर आर्मचा बुश फाटलेला असतो, नाहीतर लिंक रॉडचा बॉल जॉइंट ढिला झालेला असतो, आणि लिंक रॉड तर शॉकअपच्या मानाने फुकट म्हणावा इतका स्वस्त. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोड. वर येऊन थांबली तर शॉकअपमध्ये जीव आहे. डोलतच राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळलेलं दिसलं, तर तो गेला. मग जोडीनेच बदल. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असला तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते.

अपग्रेडची हौस आमच्या पिढीलाही होती. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग असायची आणि मागे पाटे. गणपतीत सहा माणसं आणि वर कॅरियरवर सामान घेऊन कोकणात जायचं, म्हणून लोक मागे एक पाटा वाढवून घ्यायचे. परत आल्यावर रिकाम्या गाडीत वर्षभर मणका हादरायचा. आज तू कडक स्प्रिंग आणतोयस ती तीच गोष्ट आहे. घोडबंदरचे खड्डे आणि सोसायटीच्या गेटातले स्पीडब्रेकर लक्षात घे. गाडी खाली बसवलीस तर पोट घासेल. स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबराचे ठोकळे घालून वर उचललीस तर ती दगडासारखी चालेल. कंपनीच्या दर्जाचे नवे शॉकअप, नवे बुश आणि नवे माउंट, एवढंच आपल्याकडचं खरं अपग्रेड, असं माझं मत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ही वाचून ठेव. आरसीत लिहिलेल्या गोष्टी बदलतील असा फेरफार परस्पर करता येत नाही.

आता जागा. स्टिल्ट पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड प्लायचा तुकडा घाल, नाहीतर ब्लॉक दबतो आणि जॅक तिरका होतो. दुसऱ्या टोकाच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांची ओट लाव. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे, गाडी पेलायला स्टँड हवेत. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेव. स्टँड घसरला तरी मधे काहीतरी असेल.

खरी झटापट गंजलेल्या बोल्टशी होते. चार पावसाळे खाल्लेली गाडी, त्यात डोंबिवली एमआयडीसीच्या बाजूला उभी राहणारी. जिथे २०१४ साली हिरवा पाऊस पडला तिथल्या हवेबद्दल मी काय बोलू? आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडवणारं तेल मार, सकाळी पुन्हा मार. नट सुटत नसेल तर आधी किंचित सुलटा फिरव, मग उलटा. तोंडी पान्याने कोपरे गोल होतात, म्हणून सहा पैलूंची गोटी वापर. गोटीला लांब पाइप लावून जोर काढायचा असेल तर गाडी जमिनीवर असतानाच काढ. जॅकवर चढलेल्या गाडीला हिसका देऊ नये. रबरी बुशजवळ आग नेऊ नकोस. कॅम्बरच्या बोल्टवर सोडवण्याआधी रंगाची खूण कर.

नकल सुटा झाला की त्याचं वजन ब्रेकच्या होसवर लटकू देऊ नकोस, तारेने वर बांध. एबीएसची वायर आधीच बाजूला कर.

आणि स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट. तो गाडीवर असताना, स्प्रिंग आवळलेली नसताना, कधीही सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, चेहरा जातो. इथे घरगुती बहादुरी नको. ओएलएक्सवरून आणलेले दोन आकड्यांचे स्प्रिंग कंप्रेसर मला पसंत नाहीत. स्ट्रट अख्खा काढ, रिक्षात टाक आणि वागळे इस्टेटकडच्या ज्या गॅरेजात भिंतीवरचा कंप्रेसर आहे तिथून स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून आण. बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या खाचेत टेकलंय ना, ते तू स्वतः बघ.

परत जोडताना घाई होते, कारण अंधार पडायला आलेला असतो. नट हाताने चार आटे बसल्याशिवाय पाना लावू नकोस. नायलॉनवाले नट नवेच घे. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र चाकं लटकत असताना आवळू नकोस. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गाडी चाकांवर उतरव, दोनदा वरखाली दाब, मग आवळ.

पहिली फेरी रात्री गर्दी ओसरल्यावर, सोसायटीच्या आसपास, हळू. पत्रीपुलाकडे लगेच निघू नकोस. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपास. अलाइनमेंट मात्र लगेच करून घे, ते टाळलंस तर नव्या टायरची कड खाल्ली जाईल. जाण्याआधी टायरची हवा बरोबर कर आणि डिकीतून जुने शॉकअप काढून ठेव. गाडी रिकामी असायला हवी, आणि ते दोन भंगारवाला किलोवर घेऊन जाईल.