आपल्या घराची गंगाजळी किती आठवड्यांची?

*अभ्यास लेख : या आठवड्याच्या कौटुंबिक बैठकीसाठी*



गेले काही दिवस ग्रुपवर नामस्मरणापेक्षा युद्धाचेच मेसेज जास्त येताहेत. "गॅस मिळणार नाही", "पेट्रोल भरून ठेवा", "बँकेतले पैसे काढा". काही ताईंनी फोन करून विचारलं, नेमकं करायचं तरी काय? म्हणून बेळगाव-निपाणी भागातल्या आम्ही सेवेकरी भगिनींनी एकत्र बसून हा लेख तयार केला. आम्ही कुणी अर्थतज्ज्ञ नाही, घर चालवणाऱ्या बायका आहोत. म्हणून सुरुवात आमच्या चुकीपासूनच करतो.

*आम्ही केलेली चूक*

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्या वेळी आपल्या देशात बाहेरून येणारं सूर्यफुलाचं तेल बहुतांश या दोन देशांतूनच येत होतं. आठ-पंधरा दिवसांत मेसेज फिरला, "तेल संपणार, भरून ठेवा." आम्ही घाबरलो आणि पंधरा-पंधरा किलोचे तीन डबे आणले. घरात माणसं चार. डबे माळ्यावर चढवले तेव्हा फार बरं वाटलं.

चार दिवसांनी शेजारची वहिनी दारात आली. तिचा नवरा फाउंड्रीत कामाला, आठवड्याच्या पगारावर अर्ध्या लिटरची पाकिटं आणणारं घर. म्हणाली, "वैनी, वाटीभर तेल हाय काय तुमच्यात? दुकानात संपलंय म्हणालाय." आम्ही वाटी भरून दिली. दारातून तिला माळ्यावरचे डबे दिसत होते. ती हसून म्हणाली, "तुमच्यातच दुकान हाय की."

ती सहज बोलून गेली असेल. पण दुकानात तिच्या वाटणीचं तेल का नव्हतं, याचं उत्तर आमच्याच माळ्यावर होतं. त्याच वर्षी पुढे तेलाचे भाव उतरले. आमचा तिसरा डबा मात्र खवट वास येईपर्यंत पडून राहिला.

त्या दिवसापासून आम्ही एक फरक शिकलो. महिन्याभराची बेगमी ही साठवण. भीतीपोटी चार महिन्यांचं एकदम उचललं, तर ती साठेबाजीच, मग ती व्यापाऱ्याने केलेली असो नाहीतर गृहिणीने.

*लांबचं युद्ध आपल्या चुलीपर्यंत कसं येतं?*

हे समजलं की निम्मी भीती जाते. वाटा चार आहेत.

पहिली वाट इंधनाची. आपला देश लागणारं बहुतेक कच्चं तेल बाहेरून आणतो. स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून जास्त बाहेरचा, आणि त्यातला बराचसा आखातातून येतो. इराण आणि ओमान यांच्यामधल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगाला लागणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. जून 2025 मध्ये इस्रायल आणि इराणची बारा दिवसांची लढाई झाली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्या चिंचोळ्या वाटेकडेच लागलं होतं. डिझेल महागलं की निपाणीहून ट्रकमधून जाणारी भाजीही महागते.

दुसरी वाट बाजाराची. एका देशाचा माल थांबला की दुसरे देश आपला माल धरून ठेवतात. 2022 च्या एप्रिल-मे महिन्यांत इंडोनेशियाने तीनेक आठवडे पामतेलाची निर्यातच बंद केली होती. पामतेल आपण कुठे खातो, असं वाटतं. पण बिस्किट, फरसाण, साबण या सगळ्यांत ते असतं.

तिसरी वाट शेताची. पोटॅशसाठी आपण जवळपास पूर्ण बाहेरच्यांवर अवलंबून आहोत, डीएपीसाठीही बऱ्याच अंशी. ज्यांच्या घरी ऊस किंवा तंबाखू आहे, त्यांच्या खताच्या पावतीवर युद्ध असं येऊन बसतं.

चौथी वाट कामाची, आणि आमच्या मते सगळ्यांत अवघड हीच. कारखान्याच्या ऑर्डरी कमी झाल्या की आधी ओव्हरटाईम बंद होतो, मग आठवड्याचा एक दिवस कमी होतो. भाव दहा रुपयांनी वाढले तर घर ओढून नेता येतं. पगारच कमी झाला तर ओढायचं कशाने?

*1991 साली देशाने काय शिकवलं?*

2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत घेतलं. तिथे अडकलेल्या लाखाहून जास्त भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. त्यांनी घरी धाडायचे पैसे थांबले, आणि त्याच वेळी तेल महागलं. देशाचं कर्ज आधीच वाढलेलं होतं. 1991 च्या मध्यापर्यंत परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. शेवटी जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवलं आणि त्यावर सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले. पुढे ते कर्ज फेडलंही.

लढाई कुवेतमध्ये होती. तरी एवढ्या मोठ्या देशावर ही वेळ आली, कारण कर्ज जास्त होतं आणि गंगाजळी थोडी. घराचंही तसंच असतं. ज्या घरात हप्ते जास्त आणि शिल्लक कमी, तिथे कुठलीही लांबची बातमी लगेच पोहोचते. म्हणून किती डबे भरून ठेवले हे नंतर बघू. आधी हे बघू, की उद्या पगार थांबला तर आपलं घर किती आठवडे चालेल?

*घरी बसून करायचं काम*

*1. आठवडे मोजा.* एक वही घ्या. एका पानावर महिन्याचा न टाळता येणारा खर्च लिहा : किराणा, दूध, गॅस, वीज, औषधं, शाळेची फी, भाडं, हप्ते. दुसऱ्या पानावर लगेच हातात येणारी रक्कम लिहा. भिशीचा नंबर लागायचा असेल तर तो धरू नका. कारखान्याकडून यायचं उसाचं बिलही धरू नका. समजा खर्च 20,000 आणि शिल्लक 15,000, तर आपली गंगाजळी तीन आठवड्यांची. आकडा लहान निघाला म्हणून लाजू नका. आमच्यातल्या दोघींचा दोन आठवड्यांच्या आतच निघाला. सहा महिन्यांत तो दुप्पट करायचा, एवढंच ठरवलंय.

*2. आधी हप्ते हलके करा.* अनिश्चित काळात नवीन मोबाईल, नवीन गाडी, मोठं लग्न यासाठी कर्ज काढू नका. गटातून आपल्या नावावर कर्ज उचलून दुसऱ्याला देऊ नका. आपल्या भागात किती बायका यात अडकल्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे. वसुलीसाठी दारात येऊन धमकावणाऱ्यांविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये अध्यादेश काढला. कुणी त्रास देत असेल तर गप्प बसू नका, पोलिसांत सांगा. पण घेतलेलं कर्ज फेडायचं असतं, हेही विसरू नका.

*3. पैसे कुठे आहेत ते बघा.* बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका खातेदाराची व्याजासह पाच लाखांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते. म्हणून मेसेज वाचून बँकेतले पैसे काढायला धावायचं कारण नाही. घरात आठवड्याभराची रोकड पुरे. पतसंस्था आणि सोसायट्यांना मात्र हा विमा लागू नाही. आमच्या नात्यातल्या एका घराने मुलीच्या लग्नाचे पैसे जादा व्याजापायी एका सोसायटीत ठेवले. एक दिवस दाराला कुलूप. लग्न झालं, पण उसनवारीवर. दोन टक्के जास्त मिळताहेत म्हणून सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नका.

*4. सोनं भीतीने घेऊ नका, भीतीने विकूही नका.* युद्धाच्या बातमीने भाव चढतो आणि तेव्हाच दुकानात गर्दी होते. असलेलं सोनं ही अडीअडचणीची ठेव आहे. दवाखाना किंवा फी यांसाठी गहाण ठेवावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. पण सोडवायची तारीख त्याच दिवशी वहीत लिहा.

*5. स्वयंपाकघर.* तांदूळ, ज्वारी, डाळ महिना-दीड महिन्याची, तेल महिन्याचं. जुनं आधी वापरायचं, नवं मागे ठेवायचं. बी.पी., शुगरची औषधं महिन्याभराची असू द्या. सिलिंडर लावला की त्यावर तारीख लिहा. आपला सिलिंडर किती दिवस जातो हे माहीत असलं की घाबरून बुकिंग करावं लागत नाही. डाळ अर्धा तास भिजवा, झाकण ठेवा, कुकरमध्ये दोन पदार्थ एकदम लावा. इंडक्शन घेणार असाल तर आधी गृहज्योतीचा हिशोब बघा. मोफत वीज आपल्या मागच्या सरासरीच्या थोडं वरपर्यंतच मिळते, आणि महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं तर पूर्ण बिल भरावं लागतं. आणि पेट्रोल कॅनमध्ये भरून घरात ठेवू नका. त्याने बचत होत नाही, आग लागते.

*6. मेसेज पुढे पाठवण्याआधी थांबा.* तीन प्रश्न विचारा. हे कुणी सांगितलं? कधीचं आहे? हे वाचून माझी बहीण दुकानाकडे धावेल का? शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर तो मेसेज आपल्याजवळच ठेवा. 2022 चा तेलाचा मेसेज आम्हीही अकरा घरांना पाठवला होता.

*उपास कुणासाठी?*

1965 च्या युद्धाच्या काळात, धान्याची टंचाई असताना, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. अनेक घरांत सोमवारी रात्री चूल पेटत नसे. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना ते अजून आठवतं. त्या उपासातून वाचलेलं धान्य दुसऱ्या कुणाच्या ताटात जायचं होतं.

आपला आजचा उपास मात्र साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाट्याचा. खर्च जेवणापेक्षा दुप्पट! हसू येतं, पण विचार करा. आठवड्यातून एकदा साधं, एकाच भाजीचं जेवण करून वाचलेले पैसे बाजूला टाकले तर? आणि रोज तांदूळ निवडताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकली तर? आम्ही पाच घरांनी हे सुरू केलंय. त्या डब्यातले तांदूळ महिन्याअखेरीला अशा घरी जातात, जिथे काम सुटलंय. देताना ताटावर फडकं झाकून देतो, फोटो काढत नाही. घेणाऱ्यालाही मान असतो.

काही जण म्हणतील, सद्गुरूंवर श्रद्धा आहे तर वही कशाला? आम्हाला वाटतं, नामस्मरणाने मन थाऱ्यावर येतं, आणि मन थाऱ्यावर आलं तरच हिशोब नीट होतो. घाबरलेल्या माणसाने केलेला हिशोब म्हणजे आमचे ते तीन डबे.

*कौटुंबिक बैठकीसाठी प्रश्न*

1. आपली गंगाजळी किती आठवड्यांची? (मुलांनाही सांगा. आई-बाबा काटकसर का करतात ते त्यांना कळू दे.)
2. कोणता एक हप्ता आपण वर्षभरात संपवू शकतो?
3. आपल्या गल्लीत कुणाचा ओव्हरटाईम किंवा काम बंद झालंय? त्यांच्या घरी शेवटचं कधी गेलो?

*या आठवड्याचा संकल्प :* वही सुरू करायची, एक अफवा आपल्या फोनवर थांबवायची आणि एका घराची विचारपूस करायची.

आमच्या शेजारची ती वहिनी आता आमच्या मूठभर तांदळाच्या कामात आहे. गेल्या महिन्यात डबा द्यायला तीच पुढे होती. माळ्याकडे बघून म्हणाली, "आता काय न्हाई काय वर?" आम्ही म्हटलं, "न्हाई गं, आता सगळं खालीच असतंय."

सर्वांच्या घरी अन्न, आरोग्य आणि समाधान राहो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

आपल्या,
सेवेकरी भगिनी, बेळगाव-निपाणी विभाग