१४२८५७ : बाकीकडे लक्ष द्या

गेल्या गणेशोत्सवात बालवर्गाच्या मुलांना मी फळ्यावर १४२८५७ ही संख्या लिहून दिली आणि २ पासून ६ पर्यंत गुणायला सांगितले. उत्तरे आली : २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. एका मुलीने विचारले, "काका, पण असं का होतं?" मी "गंमत आहे!" म्हणून वेळ मारून नेली. आरतीची वेळ झाली होती हे खरे, पण मला उत्तर येत नव्हते हे अधिक खरे. बारावीनंतर माझे गणित सुटले ते सुटलेच. म्हणून हा लेख तिच्यासाठी.

एक मोदक सात मुलांत वाटायचा आहे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून कागदावर १ ला ७ ने भागा. १ वर शून्य घेतले की १०. भाग १, बाकी ३. मग ३० ला भाग ४, बाकी २. २० ला २, बाकी ६. ६० ला ८, बाकी ४. ४० ला ५, बाकी ५. ५० ला ७, बाकी १. पुन्हा १ आला, म्हणजे निघालो तिथेच पोचलो! प्रदक्षिणा पूर्ण.

आता फक्त बाकी पाहा : ३, २, ६, ४, ५, १. सातने भागताना शून्य सोडून एवढ्याच सहा बाक्या शक्य आहेत, आणि इथे प्रत्येकीची पाळी एकदाच येते. तीन मोदक सात जणांत वाटायचे झाले तर आपण त्याच प्रदक्षिणेत ३ या बाकीपाशी सामील होतो. पुढचे अंक ४२८५७१. झाले की उत्तर! सातने गुणले तर मात्र ९९९९९९.

१३ ने भागताना बाक्यांची दोन वेगळी वर्तुळे होतात, त्यामुळे हा खेळ फसतो. १७ ला जमतो : ०५८८२३५२९४११७६४७. पहिले शून्य धरून सोळा अंक. दुप्पट करून पाहा.

देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) ६१७४ मुळे जगभर माहीत झाले. आपली संख्याही त्यांच्याच गोतावळ्यातली. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ + १२२४४९ केले की परत १४२८५७. अशी ती 'कापरेकर संख्या'. शिवाय अंकांची बेरीज २७ आणि २७ ने तिला पूर्ण भाग जातो, म्हणून कापरेकरांनीच नाव दिलेली 'हर्षद संख्या'ही.

आम्हा डॉक्टरांना सात हा आकडा आठवड्याच्या रूपाने भेटतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा डोस आम्ही अनेकदा आठवड्याच्या हिशेबाने ठरवतो. समजा ३० मिलिग्रॅम ठरला. कॅल्क्युलेटर म्हणतो, रोज ४.२८५७१४... अशी गोळी कोण तोडणार? जास्त गेली तर रक्तस्राव, कमी पडली तर गुठळी. तिथेही बाकीच कामाला येते : ३० भागिले ७, भाग ४, बाकी २. पाच दिवस ४ मिलिग्रॅम आणि दोन दिवस ५. (हे उदाहरण हिशेबापुरते, आपला डोस आपल्या डॉक्टरांनाच विचारावा.) ते दोन दिवस कोणते, हे मी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून देतो. बहुधा बुधवार आणि रविवार.