अतिभारापासून संरक्षण : एक प्रयोगपाठ

आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु वसतिगृहातील विद्यार्थ्यांसमवेत 12 व्होल्टचा वीजपुरवठा संच जुळविताना आम्हीच एक धडा शिकलो. बाहेरच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना चिकटल्या. फ्यूज शाबूत राहिला. 2एन3055 ट्रान्झिस्टर मात्र जळाला. फ्यूजची तार वितळण्यास वेळ लागतो, ट्रान्झिस्टर तेवढा थांबत नाही.

उपाय सोपा आहे. मुख्य ट्रान्झिस्टरचा एमिटर आणि बाहेरचे धन टोक यांमध्ये 0.68 ओहम, 2 वॅटचा रेझिस्टर घालावा. लहान बीसी547 ट्रान्झिस्टरचा बेस रेझिस्टरच्या आतील टोकास, एमिटर बाहेरील टोकास आणि कलेक्टर मुख्य ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडावा. प्रवाह 1 अँपिअरच्या आसपास पोहोचताच रेझिस्टरवर सुमारे 0.65 व्होल्ट दाब पडतो. लहान ट्रान्झिस्टर सुरू होऊन मुख्य ट्रान्झिस्टरचा बेसप्रवाह वळवून घेतो. प्रवाह तेथेच थोपतो.

मात्र शॉर्ट असताना आतील 18 व्होल्टपैकी जवळजवळ सर्व दाब मुख्य ट्रान्झिस्टरवर येतो आणि सुमारे 18 वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून मोठा हीटसिंक हवाच. ट्रान्सफॉर्मरच्या 230 व्होल्टच्या बाजूचा फ्यूजही काढू नये. संच उघडण्यापूर्वी प्लग काढावा.

तारा ज्याच्या हातून चिकटल्या, तो विद्यार्थी खाली मान घालून उभा होता. चूक त्याची नव्हती; संरक्षणाविना संच त्याच्या हाती देणाऱ्या आमची होती.