तुला शिकवणार कोण, ते विचार

पुणे

चि. सोनूस,


तुझा कॉलेज बास्केटबॉलचा शेवटचा हंगाम संपला. आता जूनच्या ड्राफ्टपर्यंत, म्हणजे एनबीएचे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडेपर्यंत, घरात दुसरा विषय निघणार नाही, असं ताई फोनवर सांगत होती. तू तिला म्हणालास म्हणे, की पहिल्या तीसांत, म्हणजे पहिल्या फेरीत, नाव आलं तर आयुष्य मार्गी लागलं. एजंटनेही तुला हेच सांगितलं असेल आणि ते अगदी खोटं नाही. पहिल्या फेरीत निवड झाली की दोन वर्षांचा पगार पक्का होतो. दुसऱ्या फेरीतल्या मुलाला तशी हमी द्यायचं बंधन संघावर नसतं. पण हा फरक पैशांचा आहे. खेळाडू म्हणून तू पुढे कोण होशील, हे त्या क्रमांकावरून कळत नाही, म्हणून हे पत्र.

2011 चा ड्राफ्ट आठव. तू तेव्हा लहान होतास, पण त्या वर्षीची नावं तुला पाठ असतील. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट त्या हंगामात साऱ्या अमेरिकेत सर्वांत जास्त गुण करणारा कॉलेज खेळाडू होता. सामन्याला सरासरी 28.9 गुण! तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि सॅक्रमेंटो किंग्जमध्ये आला. त्याच संघाने त्याच रात्री अगदी शेवटी, साठाव्या क्रमांकावर, वॉशिंग्टन विद्यापीठाचा आयझेया थॉमस घेतला. उंची पाच फूट नऊ इंच. पहिला हंगाम संपायच्या आतच पॉइंट गार्डच्या जागेसाठी साठावा दहाव्याच्या पुढे गेला होता. पुढे 2016-17 मध्ये बॉस्टनकडून खेळताना थॉमसची सरासरी किती झाली माहीत आहे? 28.9. फ्रेडेटची कॉलेजातली होती तीच, पण ही एनबीएमधली.

फ्रेडेटचं नेमबाजीचं कसब कुणी काढून घेतलं नव्हतं. पुढे चीनमध्ये शांघायच्या संघाकडून त्याने गुणांचा पाऊस पाडला, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो अमेरिकेच्या थ्री-बाय-थ्री संघात होता. एनबीएमध्ये तो अडला तो डिफेन्सवर. कॉलेजात झोन लावून, म्हणजे माणसाऐवजी जागा राखून, कच्च्या डिफेंडरला मधे झाकता येतं. व्यावसायिक खेळात मात्र कुणाला गार्ड न करता रंगवलेल्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त उभं राहिलं की फाउल. त्यामुळे मधली जागा मोकळी राहते आणि समोरचा संघ स्क्रीन लावून लावून तुमच्यातला सर्वांत कच्चा डिफेंडरच चेंडूसमोर आणून उभा करतो. तिथे लपता येत नाही. तुझ्या खेळाची चित्रफीत पाहताना मला पहिली काळजी याचीच वाटते. बाजूला सरकताना तुझे पाय एकमेकांजवळ येतात आणि तू हाताने अडवू पाहतोस.

त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर सॅन डिएगो स्टेटचा कवाय लेनर्ड होता. इंडियानाने त्याला निवडलं आणि लगेच जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला दिलं. त्याचे हात मोठे, डिफेन्स पक्का, पण लांबून नेम बसत नसे. कॉलेजच्या दोन वर्षांत तीन गुणांचे शंभर शॉट मारले तर पंचवीस पडायचे. सॅन अँटोनियोकडे चिप एंगेलंड नावाचा शूटिंगचा प्रशिक्षक होता. चेंडू डोक्यावरून, मागून सुटतो हे त्याने हेरलं आणि सुटण्याची जागा खाली, पुढे आणली. सगळा शॉट मोडून नवा बसवला नाही, बिघडलेला तेवढाच भाग दुरुस्त केला. मग लीगचा खेळाडूंशी वाद होऊन लॉकआउट सुरू झाला, सारं काम बंद पडलं आणि प्रशिक्षकांना खेळाडूंशी बोलायचीही बंदी आली. मुलगा एकटाच तो नवा हात घोटत राहिला. पहिल्याच हंगामात त्याचे शंभरातले 37 पडले. तेही कॉलेजच्या तेव्हाच्या 20 फूट 9 इंचांच्या रेषेवरून नव्हेत, 23 फूट 9 इंचांवरून. 2014 च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

सोनू, या गोष्टीत दोन माणसं आहेत. नेमकं काय बिघडलंय ते ओळखणारा एक आणि कुणी पाहत नसताना ते घोटणारा दुसरा. दुसरं काम तुझ्या हातात आहे. पहिला माणूस मिळावा म्हणून मात्र आतापासून डोळे उघडे ठेवावे लागतील. नेमबाजी कॉलेजात जमली नाही म्हणजे जन्मात जमणार नाही, असं तू मागे म्हणालास ते मला बिलकूल मान्य नाही.

त्याच वर्षी तिसाव्या क्रमांकावर आलेला जिमी बटलर पहिल्या हंगामात सामन्याला तीन गुणही करत नव्हता. 2014 च्या उन्हाळ्यात त्याने ह्यूस्टनमध्ये घर भाड्याने घेतलं आणि तिथे केबल नाही, इंटरनेट नाही, असं मुद्दाम ठेवलं. कंटाळा आला की जिममध्ये जाण्यावाचून इलाजच नको. पुढच्या हंगामात त्याची सरासरी वीस गुणांवर गेली. उन्हाळ्याचं महत्त्व एवढ्यासाठी, की ऑक्टोबर ते एप्रिल 82 सामने, मधे विमानप्रवास. संघाचा नीट सराव त्या दिवसांत क्वचितच होतो. जे नवं शिकायचं ते उन्हाळ्यात.

पण तुझ्यासाठी मला सर्वांत जवळचं वाटतं ते पी. जे. टकरचं उदाहरण. तुझ्यासारखाच सहा फूट पाच इंच उंचीचा, कॉलेजात बास्केटखाली खेळलेला. टेक्सासकडून खेळताना 2006 मध्ये तो त्याच्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू होता. टोरांटोने 35 व्या क्रमांकावर घेतला, सतरा सामने खेळवला आणि हंगाम संपायच्या आत सोडून दिला. कारण सरळ होतं. एनबीएमध्ये बास्केटखाली उभी राहणारी माणसं त्याच्याहून अर्धा फूट उंच होती, आणि लांबून मारायची त्याला सवयच नव्हती. मग पाच वर्षं तो इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा फिरला. इस्रायलमध्ये त्याचा संघ विजेता झाला, जर्मनीतही झाला. 2012 मध्ये फिनिक्सने त्याला परत बोलावलं तेव्हा तो 27 वर्षांचा होता आणि त्याने आपलं काम निवडलं होतं: समोरच्या संघाचा सर्वांत अवघड माणूस आपण धरायचा, आणि कोपऱ्यातून, जिथे रेषा 22 फुटांवर आहे, तिथून तीनचा शॉट पाडायचा. एवढंच, पण रोज. 2021 मध्ये मिलवॉकी विजेता झाला तेव्हा ब्रुकलिनविरुद्ध केविन ड्युरँटला धरायचं काम त्याच्याकडे होतं. त्या प्लेऑफमध्ये त्याची सरासरी पाच गुणांचीही नव्हती. तरी पुढच्याच वर्षी, वयाच्या 37 व्या वर्षी, फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांचा करार दिला.

तुमच्या कॉलेजच्या संघात चेंडू तुझ्याच हातात असतो. व्यावसायिक संघात नियमित करारावरची पंधरा माणसं असतात आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या कॉलेजात तूच होता. तिथे तुला आठ मिनिटं मिळतील. त्या आठ मिनिटांत आपण काय काय करू शकतो हे दाखवायला गेलास तर पुढच्या सामन्यात चारच मिनिटं मिळतील. एक काम घे. धरणं, रिबाउंड, कोपऱ्यातला शॉट. त्यावर प्रशिक्षकाचा विश्वास बसला की बाकीचा खेळ हळूहळू उघडता येतो. जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हाकडून दोनदा राष्ट्रीय विजेता झालेला, 2018 चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, तरी 33 वा निवडला गेला. डॅलसमध्ये लुका डॉन्चिचच्या शेजारी राहून त्याने चार वर्षं काढली, तेव्हा कुठे न्यूयॉर्कने चेंडू त्याच्या हाती सोपवला.

शरीराबद्दल थोडकंच सांगतो, कारण ते तुला कळतं. कॉलेजात सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा होती आणि वेळापत्रक दुसऱ्याने आखलेलं होतं. आता सकाळी दहानंतरचा दिवस तुझा. तो दिवस फोनवर जाणार की झोप, जेवण आणि वजनांवर, यावर करिअर ठरतं. स्टीफन करीचे घोटे 2011-12 मध्ये इतके दुखावले होते, की तो 26 च सामने खेळला. त्याने नुसते घोटे बांधून वेळ काढला नाही, तर कंबर आणि मांड्यांची ताकद वाढवून घोट्यांवरचा भार कमी केला. तुझ्या डाव्या गुडघ्याचं हेच करायला हवं, आणि त्याच्याबद्दल संघाच्या डॉक्टरांपासून काही लपवू नकोस.

आणखी एक. इथली वर्तमानपत्रं तुझ्यामागे लागतील, पहिला मराठी खेळाडू म्हणून. 2015 मध्ये पंजाबी वंशाचा सिम भुल्लर सॅक्रमेंटोकडून कोर्टवर उतरला. एनबीएमध्ये खेळलेला तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. त्याच वर्षी सतनाम सिंग 52 वा निवडला गेला, भारतातून गेलेला पहिलाच. दोघांबद्दल मला फार आदर आहे. पण सिमला तीनच सामने मिळाले आणि सतनामला एकही नाही. पहिलेपणामुळे बातमी येते, कोर्टवरची मिनिटं मिळत नाहीत. मुलाखती हिवाळ्यात दे.

टू-वे करार समोर आला तर नाक मुरडू नकोस. त्यात जी लीगच्या, म्हणजे एनबीएच्या धाकट्या लीगच्या, संघात रोज सराव आणि भरपूर खेळायला मिळतं, आणि मोठ्या संघाबरोबर पन्नासपर्यंत सामने राहता येतं. डंकन रॉबिन्सनला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, तो याच दाराने मायामीत शिरला. युरोपातून बोलावणं आलं तरी तेवढ्याच गांभीर्याने विचार कर. बाकावर बसून एनबीएचा टी-शर्ट घालण्यापेक्षा चांगल्या प्रशिक्षकाखाली पंचवीस मिनिटं खेळणं तुझ्या वयाला जास्त गरजेचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून एजंटला सांग, की प्रत्येक संघाला विचारायचे प्रश्न मी ठरवणार. माझ्या शॉटवर कोण काम करणार, त्याचं नाव काय? त्याने आधी कुणाला सुधारलं? पहिल्या वर्षी माझ्याकडून नेमकं कोणतं काम हवं आहे? ज्या संघाला याची सरळ उत्तरं देता येत नाहीत, तिथे क्रमांक कितीही वरचा असला तरी जाण्यात अर्थ नाही. उत्तरं आली की मला कळव. तुझ्या संध्याकाळी इथे पहाट असते आणि मी उठलेलाच असतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा