मूल सांगते तेव्हा ऐका



वयात येणाऱ्या मुलामुलींना आपण प्रार्थना शिकवतो, शेतातले काम शिकवतो. पण लैंगिक अत्याचारापासून स्वतःला कसे जपावे याविषयी घरात अवाक्षर काढत नाही. आज या विषयाचा विचार करू या.

भारत सरकारने २००७ साली महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

म्हणजे 'अनोळखी माणसापासून दूर राहा' एवढे सांगून भागत नाही. मराठवाड्यातील अनेक आईवडील ऊसतोडीला जातात; मुले नातलगांकडे किंवा वसतिगृहात राहतात. शिवाय डोंगरकड्यासारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. आपल्यावर कोण विश्वास ठेवील, या भीतीने मूल गप्प बसते.

मुलांना हे सांगू या :

१. तुझ्या शरीराला नकोसा स्पर्श करणाऱ्याला, तो कितीही मोठा किंवा जवळचा असो, 'नाही' म्हण आणि तेथून निघून ये.

२. 'घरी सांगू नकोस' असे म्हणून कोणी भेटवस्तू, पैसे किंवा मोबाईल दिला, फोटो मागितले, तर लगेच सांग.

३. घडले त्यात तुझा दोष नाही. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांग.

आणि मूल सांगते तेव्हा आपण काय करावे? शांतपणे ऐकावे, विश्वास ठेवावा. 'तू तिथे गेलीसच कशाला?' असे विचारू नये. अब्रूच्या भीतीने प्रकरण गावात मिटवू नये, मुलीचे घाईने लग्न लावू नये. त्याने गुन्हेगार मोकळा राहतो आणि शिक्षा मुलाला होते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगे व मुली दोघांनाही संरक्षण देतो. गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर बंधनकारक आहे; न कळवल्यास शिक्षा होऊ शकते. मुलाचा जबाब घरीही घेता येतो, त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात. मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरच करते. मुलाचे नाव प्रसिद्ध करता येत नाही.

ख्रिस्तसभाही या प्रश्नापासून अलिप्त नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली नियम करून अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले. २०२३ साली तो नियम कायमचा झाला. देशाच्या कायद्यातून त्यामुळे कोणाचीही सुटका होत नाही.

प्रभू येशूने बालकांना अडवणाऱ्यांना दटावले आणि बालकांना जवळ घेतले. आपणही मुलाच्या बोलण्याला अडवू नये. आज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेनंतर वरील तीन मुद्दे मुलांना सांगू या आणि १०९८ हा मोफत, चोवीस तास चालणारा मदत क्रमांक त्यांच्याकडून पाठ करून घेऊ या.